धंदा कोणाच्या नावे?

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. साखरखेर्ड्याचा इतिहास म्हटला की आपण सगळ्याच ऑक्टोबर १७२४ पासून सुरुवात करतो. निजामउल्मुल्क आणि मुबारिजखान यांची येथे झालेली लढाई, तीत मुबारिजखानाचा झालेला अंत, गावाला मिळालेले फत्तेखेर्डा हे नाव आणि त्यानंतर दक्षिणेत पक्का झालेला निजामाचा अंमल, एवढे तर शाळेतली मुलेही सांगतात. तेच पुन्हा लिहून भगिनींचा वेळ घ्यावा असे मला वाटेना. म्हणून आज मी पोळपाट-लाटण्याचा आणि सरकारी कागदाचा इतिहास लिहिणार आहे.

त्याला कारणही तसेच आहे. उडदाच्या पापडाचा उद्योग मंडळातील भगिनींनी सुरू करावा, असे यंदा आपण बोलत आहोत. उडीद आपल्या शिवारात होतो, उन्हाळ्यात वाळवणाचा हात घरोघरी असतो, गच्च्या आणि अंगणे आहेत. मागच्या सभेत सगळ्यांचे एकमत झाले होते. मग एका सद्गृहस्थांचा निरोप आला. त्यांनी कळविले की, परवाना, नोंदणी, बँकेचे खाते हे सर्व आम्ही आमच्या नावे करून घेऊ, भगिनींनी कागदपत्रांच्या भानगडीत पडू नये, त्यांनी निवांत पापड लाटावेत व मजुरी घेऊन जावी. निरोप सद्भावनेचा होता याबद्दल मला शंका नाही. पुष्कळजणींना तो सोयीचाही वाटला. कागदाची कटकट कोणाला हवी आहे? परंतु मला मात्र त्या क्षणी माहेरचे शेवयांचे यंत्र आठवले.

आमच्या मोठ्या काकू शेवया करून देत असत. हातयंत्र त्यांच्याच कमाईतून आले होते. पावती मात्र रीतीप्रमाणे घरातील कर्त्या पुरुषाच्या नावे फाडली गेली, आणि त्यात कोणालाही वावगे वाटले नाही. पुढे घराच्या वाटण्या झाल्या. भांडी, बैल, विहिरीचे पाणी यांची वाटणी होता होता शेवयांचे यंत्र एका दिरांच्या वाट्याला गेले. कोणी अन्याय करावा म्हणून केला, असे मी म्हणणार नाही. पंचांनी कागद पाहिला आणि कागदावर काकूंचे नाव नव्हते. त्यानंतर काकू दुसऱ्यांच्या यंत्रावर मजुरीने शेवया करीत. शेवया तितक्याच बारीक होत असत.

आता मुंबईस जाऊ. १९५९ साली ही मुंबई आणि आपला बुलढाणा जिल्हा एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होते, एवढेच काय ते आपले नाते. गिरगावातील एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती भगिनी जमल्या आणि त्यांनी पापड लाटले. त्या दिवशी चार पुडे भरले. जसवंतीबेन पोपट, पार्वतीबेन ठोडाणी, उजमबेन कुंडलिया, बानुबेन तन्ना, लागुबेन गोकाणी, जयाबेन विठलाणी आणि दिवाळीबेन लुक्का अशी त्या सातजणींची नावे आहेत. मी ती सर्व मुद्दाम लिहिली आहेत. एरवी 'सात बायकांनी सुरू केला' एवढेच सांगून लोक पुढे जातात.

भांडवल किती? ऐंशी रुपये, तेही उसने. ते दिले छगनलाल करमशी पारेख यांनी. लोक त्यांना छगनबापा म्हणत. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य होते. लक्ष्मीदासभाई नावाच्या गृहस्थांचा पापडाचा धंदा तोट्यात चालला होता. या भगिनींनी तोच चालवावयास घेतला आणि त्या पैशातून लागणारे सामान व थोडी साधने घेतली. म्हणजे आरंभच बुडत्या धंद्यापासून झाला. चार पुडे भुलेश्वरमधील एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतले. धंद्यात तोटा आला तरी कोणाकडे देणगी मागावयास जायचे नाही, असे सातजणींनी पहिल्यापासूनच ठरविले होते.

छगनबापांनी पैसे दिले, सल्लाही दिला. प्रारंभी दोन प्रतींचे पापड करावेत, एक चांगला आणि एक स्वस्त, असा विचार चालला होता. छगनबापांनी तो मोडून काढला. प्रत एकच ठेवा आणि ती कधी उतरू देऊ नका, असे त्यांचे सांगणे होते. दुसरे म्हणजे हिशेब चोख ठेवा. एखाद्या चांगल्या पेढीत असतो तसा जमाखर्च, पै-पैसा लिहिलेला. भगिनींनो, या गृहस्थांनी काय केले नाही, तेही पाहा. धंदा त्यांनी आपल्या नावे घेतला नाही. ऐंशी रुपये देणारा मनुष्य सहज म्हणू शकला असता की, पैसे माझे आहेत तेव्हा मालकही मीच.

तीन महिन्यांत लाटणाऱ्या पंचवीसजणी झाल्या. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची झाली. तुटलेले पापड शेजारीपाजारी वाटून टाकीत. पण त्याच वर्षी पावसाळा आला आणि चार महिने काम बंद पडले, कारण वाळवणार कोठे? ही अडचण आपल्याला कोणी समजावून सांगावयास नको. आषाढात काढलेला पापड कसा बुरसतो ते ठाऊक नाही अशी बाई साखरखेर्ड्यात सापडावयाची नाही. पुढल्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे व खाली स्टोव्ह पेटवून ठेवायचा. उपाय ओबडधोबड खरा, पण पावसाळ्यातील चार महिन्यांची मजुरी वाचली. मला तर ऐंशी रुपयांच्या गोष्टीपेक्षा ही खाटेची गोष्ट अधिक मोठी वाटते.

कामाची पद्धतही ध्यानात घेण्यासारखी आहे. पीठ एकाच ठिकाणी, ठरलेल्या मापाने भिजवायचे आणि मळायचे. उडदाचे पीठ, मिरे, हिंग, मीठ, पापडखार यांचे प्रमाण कोणाच्या घरी बदलायचे नाही. सकाळी भगिनीने मळलेले पीठ तोलून घरी न्यावे, मुलाबाळांचे पाहता पाहता लाटावे, वाळवावे आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यावे. तेथे पापड पारखून व तोलून घेतले जातात आणि लाटण्याचा मोबदला हाती पडतो. घराबाहेर पडण्याची मुभा नसलेल्या सुनेलाही यात जागा होती, आणि एवढ्या घरांतून लाटलेल्या पापडाची चव एकच राहत होती. आपण मागे हळदीकुंकवाच्या दिवशी विक्रीसाठी पापड केले होते ते आठवा. एकीचे खारट, दुसरीचे तिखट, तिसरीचे जाड. गिऱ्हाईक गोड बोलून घेऊन गेले, पण पुन्हा मागावयास कोणी आले नाही.

सगळेच यशस्वी झाले असेही नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. १९६२ साली मालाला नाव हवे म्हणून स्पर्धा लावली. बक्षीस पाच रुपये. धीरजबेन रुपारेल यांनी सुचविलेले 'लिज्जत' हे नाव पसंत पडले. गुजरातीत त्याचा अर्थ स्वाद असा आहे. संस्थेचे नाव श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड असे ठेवण्यात आले. १९६२-६३ साली विक्री एक लाख ब्याऐंशी हजारांवर गेली होती.

येथपर्यंत सरकारी नोंदणी झालेली नव्हती. ती झाली जुलै १९६६ मध्ये, म्हणजे पहिल्या चार पुड्यांनंतर सात वर्षांनी. आपल्यातील काहीजणी म्हणतात की आधी नोंदणी, मग पापड. काहीजणी म्हणतात की पापड चालू द्या, नोंदणी कधीही होईल. गिरगावचा दाखला पाहिला तर दुसऱ्या पक्षाची बाजू वरचढ दिसते. परंतु त्या सात वर्षांत तेथे काय काय तयार झाले होते ते विसरू नये. हिशेबाच्या वह्या होत्या. ठरलेली प्रत होती. मालाला नाव होते. आणि काम करणारी प्रत्येक बाई भागीदार, नोकर कोणीच नाही, हा नियम व्यवहारात मुरला होता. सरकारने कागदावर शिक्का मारला तेव्हा कागदावर लिहिण्याजोगे पुष्कळ काही आधीच घडून गेले होते.

नोंदणी झाली ती संस्था नोंदणी अधिनियम, १८६० या कायद्याखाली. हा इंग्रजी अमदानीतला, १८५७ च्या धामधुमीनंतर तीन वर्षांनी झालेला कायदा. वाङ्मय, शास्त्र, धर्मादाय अशा हेतूंनी माणसे एकत्र आली तर त्यांच्या मंडळीला कायद्याने ओळखावे, यासाठी तो केला होता. बायकांच्या पापडांचा विचार तो लिहिणाऱ्यांच्या मनात असण्याचा संभव नाही. पण त्यातले पहिलेच कलम मजेचे आहे. संस्था स्थापावयास किमान माणसे किती लागतात? सात. गिरगावच्या गच्चीवर जमलेल्या भगिनींनी हे कलम वाचलेले नसणार, तरी संख्या बरोबर जुळून आली! संस्थेचे नाव, तिचे उद्देश आणि कारभार पाहणाऱ्यांची नावे, पत्ते व व्यवसाय, एवढे एका ज्ञापनात लिहून सात जणांनी सह्या करावयाच्या, असे तो कायदा सांगतो. दरवर्षी कारभारी मंडळाची यादी निबंधकाकडे पाठवावयाची असते. एकदा नोंद झाली की संस्था एखाद्या व्यक्तीच्या आयुष्यावर अवलंबून राहत नाही. आजच्या अध्यक्षबाई उद्या नसल्या तरी संस्था असते. आमच्या काकूंच्या यंत्राला ही सोय नव्हती.

नोंदणीचा लाभ त्याच वर्षी दिसला. छगनबापांनी या भगिनींची गाठ खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष उ. न. ढेबर यांच्याशी घालून दिली. सप्टेंबर १९६६ मध्ये आयोगाने पापडाचा हा उद्योग धान्य व कडधान्य प्रक्रियेच्या गटात ग्रामोद्योग म्हणून मान्य केला. खेळत्या भांडवलासाठी आठ लाख रुपये मिळाले आणि करातही सवलत मिळाली. ऐंशी रुपये उसने घेणाऱ्या बायकांना आठ लाख! विश्वास दोन्ही वेळी ठेवला गेला. पण ऐंशी रुपये ओळखीवर मिळतात, आठ लाख नोंदलेल्या संस्थेलाच मिळतात. १९६८ साली महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातेत वालोड येथे निघाली. पुढे संस्थेतील भगिनींची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली. पुरुषाला तिचे सभासदत्व नाही. सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. 

कोणी म्हणेल, त्या मुंबईच्या बायका, दारात भुलेश्वरची बाजारपेठ, भोवती व्यापारी समाज. त्यांचे आपल्याला काय? आक्षेप खोटा नाही. आपल्याकडून मेहकर किंवा चिखलीला माल न्यायचा म्हणजे गाडीभाडे आलेच. म्हणून खेड्यातीलच एक उदाहरण देते.

सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे. दुष्काळात आपल्यापेक्षा पुढे. तेथे म्हसवड येथे चेतना गाला-सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढण्याचे मनावर घेतले. लोहारकाम करणारी एक बाई रोजचे चार पैसे शिलकीत टाकावे म्हणून बँकांकडे गेली होती आणि एवढ्या थोड्या रकमेचे खाते उघडावयास बँका राजी नव्हत्या, हे निमित्त झाले. बायकांनी भागभांडवल जमविले, कागद रिझर्व्ह बँकेकडे गेले आणि परवाना नाकारण्यात आला. का, तर प्रवर्तक सभासदांपैकी पुष्कळजणींच्या सह्यांच्या जागी अंगठे होते. दुसरे कोणी असते तर गावातील चार शिकलेल्या पुरुषांची नावे घालून अर्ज पुन्हा पाठविला असता. या बायका मात्र अक्षर शिकू लागल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या की, कोणत्याही मुद्दलावरचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय सांगावयास लावा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. अंगठ्याच्या जागी सही आली, पण नाव त्याच बाईचे राहिले.

मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या बायकांची हकीकतही याच जातीची आहे. घरात दहा-पंधरा गिरणीकामगारांना जेवू घालणारी बाई वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात बुडालेली असे. तिला धंदेवाली म्हणून कोणी ओळखत नव्हते, कारण तिचा धंदा म्हणजे स्वयंपाक, आणि स्वयंपाक हा काय धंदा आहे? १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज बाईच्या स्वतःच्या नावे मिळवून दिले. या उदाहरणावर अधिक लिहीत नाही. कधी जमल्यास स्वतंत्र लेख लिहीन.

आता आपले. कागदाची भीती घालणाऱ्यांना सांगावयाचे ते हे की, १९६६ च्या मानाने आज काम पुष्कळ सोपे झाले आहे. लहान उद्योगाची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. तिला शुल्क नाही, आधार क्रमांकावर आणि आपल्याच निवेदनावर ती होते. पैसे घेऊन ती करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. पापड ही खाण्याची वस्तू, तेव्हा २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करणे भाग आहे, मग धंदा घरगुती का असेना. त्या नोंदणीचा क्रमांक पुड्यावर छापावा लागतो. दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ साली राज्याचा जो नवा कायदा झाला, त्याने अगदी लहान धंद्याला नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची मोकळीक दिली.

खरा विचार करावयाचा तो कोणत्या स्वरूपात उभे राहायचे याचा. मंडळाच्या नावेच पापड विकावेत ही सूचना मला पटत नाही. १८६० च्या कायद्याखालील संस्था बंद झाली तर तिची शिल्लक सभासदांना वाटून घेता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. मंडळाचा पैसा मंडळाच्या कामाचा, आणि पापडाचा पैसा लाटणारीचा. दोन्ही एका पेटीत ठेवले तर पाच वर्षांत आपण एकमेकींशी बोलेनाशा होऊ. सहकारी संस्था काढावयाची तर १९६० च्या राज्याच्या कायद्याने निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहाजणी लागतात, म्हणजे एकाच घरातल्या सासूसुना मिळून दोन मोजता येणार नाहीत. भागीदारीची पेढी १९३२ च्या कायद्याखाली होते. तिची नोंदणी सक्तीची नाही, पण न नोंदलेल्या पेढीला उधारी बुडविणाऱ्यावर करारापोटी दावा लावता येत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. माझ्या मते पहिली दोन वर्षे बचत गट करून चालवावे. १९९२ पासून नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याची वाट घालून दिली आहे आणि आपल्या गावातील पुष्कळजणींना ती वाट परिचित आहे. वही नीट राहिली की मग सहकारी संस्थेचे पाहू.

एका गोष्टीवर आपले काम अडेल, ती आताच सांगते. जागेचा पुरावा मागतील. ग्रामपंचायतीचा नमुना आठ बहुतेक घरी पुरुषाच्या नावे आहे. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचे मोठे अधिवेशन भरविले आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतजमिनीत बायकोचे नाव लावावयास नवऱ्यांना तयार केले. आपल्या आयांनी त्या सभांविषयी ऐकलेले आहे. तेव्हा ज्यांच्या सातबाऱ्यावर वा नमुना आठवर नाव लागले, त्यांना आज एक कागद कमी गोळा करावा लागेल. बाकीच्यांना घरमालकाचे संमतीपत्र चालते. वर उल्लेखिलेल्या सद्गृहस्थांना मदतच करावयाची असेल तर त्यांनी आपल्या रिकाम्या खोलीचे संमतीपत्र गटाच्या नावे लिहून द्यावे. भाडे आपण देऊ आणि त्याची पावती घेऊ.

येत्या सभेत वहीत नावे लिहून घ्यावयाची आहेत. ज्या भगिनींना यावयाचे असेल त्यांनी आधारपत्र आणि स्वतःच्या नावाचे बँकेचे पुस्तक बरोबर आणावे. काहीजणींचे आधारावर माहेरचे नाव आणि बँकेत सासरचे आहे. तो फरक आधी एक करून घ्यावा लागेल, त्याला वेळ लागतो. सही येत नसेल तर चिटणीसबाई दुपारी दोन ते चार शिकवावयास तयार आहेत.